घटिकापात्र कसं बनवावं: भोक आधी लहानच पाडा

बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि एका घटकेत, म्हणजे 24 मिनिटांत, बुडते. अहोरात्रात अशा 60 घटका. लग्नाचा मुहूर्त पूर्वी असाच धरत.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून गोल बुडाची, साधारण 12 सेंमी तोंडाची, 200 ते 250 ग्रॅमची वाटी घ्या. सपाट बुडाची कुणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नका, भोकाखाली बुडबुडा अडकतो. पाण्यासाठी घंगाळ किंवा खोल पातेलं. बाकी हत्यारं बोहरी आळीत मिळतात.

आता भोक. सगळं यंत्र म्हणजे हे भोकच, आणि चुकीचा सल्लाही सगळ्यात जास्त इथेच मिळतो. जुन्या ग्रंथांत चार अंगुळं लांब सोन्याच्या सुईचं माप आहे, ते वाचून लोक तंतोतंत तेवढंच भोक पाडायला बघतात. तसं करू नका. भास्कराचार्यांनीच 1150 साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त सरळ रस्ता सांगून ठेवलाय: पात्र अहोरात्रात किती वेळा बुडतं ते मोजा आणि त्यावरून त्याचं माप काढा. भोक कितीचं यापेक्षा ते सूर्याशी जुळवलं का, याला महत्त्व. मला तर हा विचार त्या वाटीपेक्षाही मोलाचा वाटतो.

अशा वाटीला शेवटी 1 मिमीहूनही लहान भोक लागतं. म्हणून सुरुवात 0.5 मिमीने करा. वेळ भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे व्यास नुसता दहा टक्के वाढला तरी 24 मिनिटांची 20 सुद्धा उरत नाहीत. मोठं झालेलं भोक लहान करणं तांबटाचं काम, तुमचं-माझं नव्हे. आत उठलेली धातूची कड निमुळत्या रीमरने, म्हणजे भोक रुंदावायच्या हत्याराने, काढा, मग वाटी पाण्यावर सोडून वेळ घ्या, रीमर एकच हलका फेरा फिरवा, पुन्हा वेळ घ्या. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. शेवटची काही सेकंदं राहिली की भोकाला हात लावू नका; काठाला तांब्याची तार गुंडाळा. वजन वाढलं की वाटी लवकर बुडते.

आणि दर खेपेला वाटी चिंचेने घासून, ओली करूनच सोडा. कोरड्या, तेलकट वाटीत पाणी भोकाच्या तोंडाशी थेंब धरून अडून बसतं, कारण एवढ्या बारीक भोकात पृष्ठताण आणि पाण्याचा दाब जवळजवळ तुल्यबळ असतात. मग लोक भोक मोठं करत सुटतात आणि वाटी वाया घालवतात. पाणी फडक्यातून गाळलेलं हवं. एक कण पुरतो.

फोनच्या घड्याळावर जुळलं की खरी परीक्षा घ्या. गच्चीत शंकू, म्हणजे सावली बघायची सरळ काठी, उभारून एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत पाळीपाळीने वाटी सोडत बसा. पुण्यात मध्यान्ह 12 ला होत नाही, सरासरी 12:35 च्या सुमारास होते, तेव्हा घड्याळाकडे बघू नका, सावलीकडे बघा. साठाच्या आसपास आलात तर उत्तम.

थंडीत गार पाणी भोकातून सावकाश येतं आणि घटका लांबते. म्हणून डिसेंबरात जुळवलेली वाटी मे महिन्यात पुन्हा तपासा.