कार्ड नवं, फ्रेम्स जुन्याच: अडतंय प्रोसेसरपाशी की कार्डापाशी, हे कसं शोधायचं

2021 मध्ये ग्राफिक्स कार्डांचे भाव अवाच्या सवा झाले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी मधला मार्ग काढला. एएमडीचा रायझन 5 5600जी प्रोसेसर घ्यायचा, त्याच्यातच असलेल्या वेगा ग्राफिक्सवर दिवस काढायचे आणि भाव उतरले की कार्ड लावायचं. आता त्या पीसींमध्ये आरटीएक्स 4060 किंवा आरएक्स 6600 आलंय, आणि तक्रार ठरलेली असते: यूट्यूबवर याच कार्डाला दिसतात तेवढे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) माझ्याकडे येत नाहीत.

याचं पहिलं कारण साधं आहे. कार्डाची चाचणी घेणारे लोक मुद्दाम गेमिंगसाठीच्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरांपैकी एखादा लावतात, जसं 7800एक्स3डी किंवा 9800एक्स3डी. कार्डाची खरी ताकद दिसावी म्हणून ते योग्यच आहे. पण तो आकडा कार्डाचा आहे, तुमच्या जोडीचा नाही. प्रोसेसर आणि कार्डात कोण कुणाला अडवतं हे सांगणाऱ्या ऑनलाइन बॉटलनेक कॅल्क्युलेटरच्या वाटेला तर जाऊच नका. दोन नावं टाकली की टक्क्यांत काहीतरी आकडा येतो. पण गेम कोणता, सेटिंग्ज काय आणि तुम्हाला किती एफपीएस हवेत, हे न धरता काढलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

फ्रेम कुठे अडते

एक पोळ्या लाटतोय, दुसरा भाजतोय, असं समजा. लाटणारा प्रोसेसर, भाजणारं कार्ड. ताटात पोळ्या पडायचा वेग दोघांत जो हळू असेल त्याचाच. प्रोसेसर प्रत्येक फ्रेमसाठी तुमचं इनपुट घेतो, पात्रांच्या हालचाली आणि फिजिक्स सोडवतो, कुठली वस्तू काढायची याच्या आज्ञा तयार करतो. कार्ड त्या आज्ञांवरून पिक्सेल रंगवतं.

म्हणून हिशोब एफपीएसमध्ये नाही, मिलिसेकंदांत करावा. 60 एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 144 ला 6.9, 240 ला जेमतेम 4.2. समजा एखाद्या गेममध्ये प्रोसेसरला फ्रेममागे 9 मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला 14. तुम्हाला 71 एफपीएस दिसतील. आता दुप्पट वेगाचं कार्ड आणलं. त्याला 7 मिलिसेकंद पुरतात, म्हणजे 142 व्हायला हवेत. होतात 111, कारण प्रोसेसरचे 9 तसेच आहेत. कार्ड प्रत्येक फ्रेममध्ये 2 मिलिसेकंद रिकामं बसतं.

रिझोल्यूशन वाढवलं की भार कार्डावर येतो, प्रोसेसरवर जवळजवळ नाहीच. 1080पीमध्ये सुमारे 20.7 लाख पिक्सेल, 1440पीमध्ये 36.9 लाख, 4केमध्ये 82.9 लाख. त्यामुळे 1080पीवर प्रोसेसरपाशी अडणारी जोडी 4केवर बहुतेकदा कार्डापाशी अडते. "या प्रोसेसरला हे कार्ड चालेल का" हा प्रश्न मॉनिटर सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

मोजायचं कसं

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर हे मोजमापाचे प्रोग्रॅम घ्या. एमएसआयच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. याच नावाच्या बनावट साइटी फिरत असतात. मॉनिटरिंग टॅबमध्ये जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के राबतंय), जीपीयू तापमान, कोअर क्लॉक, व्हीरॅम (कार्डाची मेमरी), प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या कामांच्या धाग्यांपैकी एकाचा) सीपीयू युसेज, फ्रेमरेट, 1 टक्का लो (सगळ्यात हळू 1 टक्का फ्रेम्सचा एफपीएस) आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख निवडून प्रत्येकाला ऑन-स्क्रीन डिस्प्लेची खूण करा. मग:

1. व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करा, गेममध्येही आणि ड्रायव्हरमध्येही. 60 वर बांधलेल्या गेममध्ये कार्ड 50 टक्क्यांवर दिसणारच. तो दोष नव्हे.
2. गेममधला साधारण 60 सेकंदांचा एक पट्टा ठरवा. गर्दीचा बाजार, शहराचा चौक किंवा मोठी लढाई. भिंतीकडे तोंड करून मोजू नका.
3. नेहमीच्या सेटिंग्जवर तोच पट्टा तीन वेळा फिरा, सरासरी आणि 1 टक्का लो टिपून ठेवा. पहिल्या फेरीत शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असल्याने झटके येतात, ती फेरी सोडून द्या.
4. बाकी काही न बदलता रिझोल्यूशन 720पी करा किंवा रेंडर स्केल 50 टक्के करा, आणि तोच पट्टा पुन्हा फिरा.

720पीवर एफपीएस चांगलेच वाढले, तर आधी कार्ड अडवत होतं. जेमतेम हलले, तर प्रोसेसर. आणि 720पीवर जो आकडा आला तोच त्या गेममधला तुमच्या प्रोसेसरचा माथा आहे, मात्र तिथे जीपीयू युसेज 90 च्या खाली उतरलेला असला पाहिजे. कितीही महागडं कार्ड आणा, त्याच सेटिंग्जवर त्यापलीकडे जाता येणार नाही.

जीपीयू युसेज 95 ते 99 टक्के म्हणजे कार्ड पूर्ण राबतंय, आणि हीच निरोगी अवस्था आहे. फ्रेम लिमिट नसताना तो 60-80 मध्ये घोटाळत असेल तर कार्डाला काम पुरत नाहीये. इथे टास्क मॅनेजर फसवतो. सीपीयू 40 टक्के दिसतो आणि लोक म्हणतात, "प्रोसेसर तर निवांत आहे." 5600जीला 12 थ्रेड आहेत, म्हणजे एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो 8 टक्केच दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड भरला की खेळ तिथेच अडतो, बाकीचे अकरा काय करताहेत याला महत्त्व नाही. त्यातून विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे थ्रेडवार आलेखातही एकही पट्टी 100 ला टेकलेली दिसेलच असं नाही. जीपीयू युसेजवर विश्वास ठेवा, सीपीयूच्या आकड्यावर नाही.

5600जीची खास दुखणी

नावात 5600 असलं तरी हा साध्या 5600चा भाऊ नाही. साध्या 5600मध्ये 32 एमबी एल3 कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, 5600जीमध्ये 16. गेमना कॅश फार लागते. पुढची माहिती कॅशमध्ये सापडली नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथे वेळ जातो. एक्स3डी प्रोसेसरांची करामतही हीच: 5700एक्स3डीमध्ये 96 एमबी आहे.

दुसरं, 5600जी पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधली जोडणी) 3.0 वरच चालतो, बोर्ड 4.0 जमणारा बी550 असला तरी. आरटीएक्स 4060 आणि आरएक्स 6600 ही दोन्ही कार्डं त्या जोडणीतल्या आठच लेन (समांतर वाटा) वापरतात. 4.0 वर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे 16 जीबी जातात, 3.0 वर 8. कार्डाच्या 8 जीबी मेमरीत सगळं मावतंय तोवर फरक किरकोळ राहतो. टेक्स्चर अल्ट्रावर ठेवून व्हीरॅम ओसंडली की माहिती याच अरुंद वाटेने रॅममधून ये-जा करते आणि फ्रेमटाइमच्या आलेखात सुळके दिसू लागतात. उपाय फुकट आहे: टेक्स्चर एक पायरी खाली.

लेन नीट मिळताहेत का हे जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेससमोर दिसतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा आणि मगच वाचा, कारण निवांत असताना कार्ड वीज वाचवायला 1.1 वर उतरतं आणि उगाच घाबरायला होतं. एक्स4 (चारच लेन) दिसलं तर कार्ड बहुधा खालच्या स्लॉटमध्ये बसवलंय. वरच्यात लावा.

तिसरं दुखणं हमखास विसरलं जातं. वेगा ग्राफिक्सवर खेळताना अनेकांनी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) यूएमए फ्रेम बफर (वेगासाठी राखून ठेवलेली रॅम) 2 किंवा 4 जीबी केलेला असतो. कार्ड आलं तरी ती रॅम अडकूनच राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर हार्डवेअर रिझर्व्ह्डसमोर 2 जीबीच्या आसपास दिसत असेल तर बायोसमध्ये जाऊन ते ऑटो करा. आणि हसू नका, पण मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डलाच लावलेली नाही ना, तेही बघा. एचडीएमआय कार्डाला हवी.

पैसे घालण्याआधी फुकटात मिळतं ते

रॅमची एकच काडी असेल तर बाकी सगळं नंतर. ड्युअल चॅनेलसाठी (रॅमच्या दोन्ही वाटा एकदम वापरायला) दोन सारख्या काड्या, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर 3200ची रॅम 2133 किंवा 2666 वर चालत राहते. आधी बघायचं असेल तर सीपीयू-झेड प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये 1600च्या आसपास आकडा हवा, कारण तिथे दिसणारा आकडा निम्मा असतो.

रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला बायोसमध्ये अबव्ह 4जी डीकोडिंग चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद लागतं. सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच झालं नाही, तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. सीएसएम परत चालू करा, बॅकअप घ्या, विंडोजच्या एमबीआर2जीपीटी या साधनाने डिस्क नव्या पद्धतीची करा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. इंटेलच्या आर्क बी580चा विचार असेल तर रिसायझेबल बारशिवाय ते घेऊ नकाच, आणि 5600जीसोबत तर अजिबात नको. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरचा जास्त वेळ खातो; 2025च्या सुरुवातीच्या चाचण्यांत साध्या 5600वरसुद्धा काही गेममध्ये ते कार्ड मागे पडलेलं दिसलं.

अडत असेल प्रोसेसरपाशी, तर गेममध्ये गर्दीची घनता, व्ह्यू डिस्टन्स, फिजिक्स आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांच्या हिशोबाने सावल्या-प्रतिबिंबं काढणं) कमी करा. रे ट्रेसिंग फक्त कार्डाचं काम आहे असा समज आहे, पण त्यासाठी लागणारी रचना फ्रेमगणिक अद्ययावत ठेवण्यात प्रोसेसरही राबतो. उलट रिझोल्यूशन, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं), रिफ्लेक्शन्स कमी करून काही मिळणार नाही; ते बिनधास्त वाढवा, कार्ड रिकामंच आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर या सोयी कमी रिझोल्यूशनवर रंगवून चित्र मोठं करतात; त्यांचा क्वालिटी मोड 1080पीवर आतून 1280 बाय 720 वर रंगवतो, म्हणजे तुम्ही वर केलेली 720पीची चाचणीच. जिथे चाचणीत फरक पडला नाही तिथे त्यानेही पडणार नाही. फ्रेम जनरेशन मात्र प्रोसेसरला वळसा घालतं: मधली फ्रेम कार्डच बनवतं. आकडा वाढतो, चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउसचा प्रतिसाद मूळच्याच एफपीएसचा राहतो, थोडा मंदच. मूळ 60 च्या खाली असेल तर त्याच्या नादी लागू नये.

व्हीआरआर (फ्रेम्सप्रमाणे स्वतःचा वेग बदलणारा) मॉनिटर असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. सरासरी 105 आणि 1 टक्का लो 74 अशी दरी दिसत असेल तर रिवाट्यूनरमध्ये 85 ची मर्यादा घाला. आकडा कमी, पण खेळ जास्त सलग वाटतो.

जोडी निवडताना

एका गेमचे दोन रिव्ह्यू शोधा. एक तुमच्या प्रोसेसरचा, जो वेगवान कार्ड लावून 1080पीवर घेतलाय. दुसरा हव्या असलेल्या कार्डाचा, तुमच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर. गेममधली सेटिंग्ज दोन्हीकडे जवळपास सारखी हवीत. दोन्हींतला लहान आकडा तुमचा. कार्डाचा आकडा प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा बराच मोठा दिसला तर वरचे पैसे वाया.

ढोबळ मानाने, 1080पी आणि 60-75 हर्ट्झसाठी आय3-12100एफ किंवा रायझन 5500 सोबत आरएक्स 6600 पुरतं. 1080पी 144 किंवा हलक्या 1440पीसाठी आय5-12400एफ किंवा साधा 5600 आणि आरटीएक्स 4060 च्या पट्ट्यातलं कार्ड. 1440पी हाय सेटिंग्जला रायझन 5 7600 आणि आरटीएक्स 5070 किंवा आरएक्स 9070. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 साठी 240 हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर गणित उलटं: मधल्या दर्जाचं कार्ड आणि पैसे एक्स3डी प्रोसेसरवर. 4केवर सिंगल-प्लेअर खेळणाऱ्याने प्रोसेसरवर जास्तीचा खर्च करण्यात हशील नाही.

5600जीवाल्याला बोर्ड न बदलता 5600 किंवा 5700एक्स3डीवर जाता येतं. दुसरा आता नवा सहज मिळत नाही. जुना घेताना खालच्या पिना वाकलेल्या नाहीत ना हे उजेडात धरून बघा. बी450 किंवा ए520 बोर्डावर प्रोसेसर बदलूनही पीसीआयई 3.0च राहील.

बदलताना क्रम पाळा. बोर्डाच्या सपोर्ट यादीत नाव बघून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण नवा प्रोसेसर लागल्यावर बोर्ड एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचं का विचारतो आणि हो म्हटलं की विंडोज ती की मागतं. मग दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून थर्मल पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून प्लग काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलका पिळा. एएम4 मध्ये (या प्रोसेसरांच्या सॉकेटमध्ये) वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर लॉक असलेल्या सॉकेटमधून कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. 5600 किंवा 5700एक्स3डीला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, तेव्हा पहिल्यांदा चालू करताना मॉनिटर कार्डालाच जोडलेला हवा. मदरबोर्डच्या एचडीएमआयवर आता काहीच दिसणार नाही.