उरेब कापताय? मग या चुका टाळा

"फिटिंग बिघडलंय, जरा टक्स मारून द्या ना," म्हणत बायका पिशवी पुढे करतात. ब्लाउज उलटा केला की कळतं, टक्सचा, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमटीचा, काही दोष नाही. मुळात कापडच चुकीच्या दिशेला कापलंय.

उरेब, म्हणजे क्लासमध्ये ज्याला क्रॉस म्हणतात ते, अंदाजाने होत नाही. उभा धागा आणि आडवा धागा यांच्या बरोबर मधोमध, ४५ अंशांवर. त्या दिशेला ओढलं की धागे तिरपे सरकतात आणि कापड अंगाबरोबर वळतं. तीस अंशांवर कापलेला तुकडा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. गळ्याला लावलेली असली पट्टी पीळ खाते. काठ आडव्या धाग्यावर आणून तिरपी घडी घाला, घडीची रेघ हाच उरेब. मिनिटाचं काम आहे. पण "थोडं तिरकं केलं की झालं" म्हणणाऱ्यांना तेवढंही जड जातं.

आता जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती चूक. कटोरी, म्हणजे ब्लाउजचा छातीवरचा वाटीसारखा तुकडा, उरेबमध्ये कापायची आणि कापड वाचवायला अस्तर मात्र सरळ! सांगायला लाज कशाला, मीही केली आहे. शिवायला लागून दोनेक वर्षं झाली होती. चुलत जावेचा पैठणीवरचा ब्लाउज. टेबलावर सुरेख दिसत होता. तिने घातला, तर कटोरी चपटी आणि मुंढ्याजवळ तीन सुरकुत्या. मी टक्स वाढवला. बगलेत आत घेतलं. सुरकुत्या जागच्या जागी, वर जाऊबाईंना हात वर करता येईना. शेवटी रात्री बसून उसवला. कटोरीचं वरचं कापड दोन अंगठ्यांत धरून ओढलं तर चांगलं दोन सूत, म्हणजे पाव इंच, आलं. अस्तर खाली धरून ओढलं तर ढिम्म! सरळ अस्तराने कटोरीला बांधूनच ठेवलं होतं. अस्तराच्या दोन कटोऱ्या नव्याने उरेबमध्ये कापल्या, बाकी कशाला हात लावला नाही, आणि सुरकुत्या गेल्या. तेव्हापासून अस्तरासकट धावदोरा घालून, अंगठ्यांनी ओढून बघितल्याशिवाय कटोरी मशीनखाली सरकवत नाही. कटोरीखालची पट्टी मात्र सरळच हवी. तिला आधार द्यायचाय, ताणायचं नाही.

दुसरी खोड घाईची. पूर्ण गोल घेराचा अंब्रेला कुर्ता शिवला की त्यात चार जागी उरेब येतो, आणि तेवढाच भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. भाचीच्या हळदीचा जॉर्जेटचा कुर्ता मी रात्री शिवून लगेच खालची दुमड मारली नि दाराला टांगला. सकाळी चार टोकं दीड इंच खाली! हॉलवर जाताना रिक्षात सेफ्टी पिना लावत होते. आता कमरेला जोडलेला घेर एक अख्खा दिवस लटकत ठेवते, मग घालायला लावून जमिनीपासून पट्टीने मोजत खडूने खुणा करते. "आजच द्या" म्हणणाऱ्यांना मी सरळ ए-लाइन सुचवते.

चुडीदार सरळ कापून चालत नाही. पोटरीवरून चढायला आणि घोट्याशी चुण्या पडायला उरेब लागतोच. जुने शिंपी आधी कापडाची तिरकी थैली शिवतात आणि मग त्यातून पाय कापतात, म्हणजे कापड वाया जात नाही. व्हिडिओ बघून शिकणारे नेमकी थैलीच गाळतात आणि पाय सरळ कापतात, मग पंगतीत मांडी घातली की गुडघ्यावर टर्र. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोनेने १९२० च्या दशकात उरेब कट गाजवला, पण आपल्याकडे चुडीदार त्याच्या कितीतरी आधीपासून असाच कापतात. नवी फॅशन वगैरे काही नाही ही.

बाकीचं थोडक्यात. पट्ट्यांचे जोड तिरकेच द्या, सरळ जोड गळ्यावर गाठीसारखा उठतो. गळा कापल्याबरोबर धावदोरा घाला, नाहीतर हाताळतानाच पसरतो. टाका बारीक ठेवा, दोरा पॉलिस्टरचा. कापड ताणलं जातं, सुती दोरा तटकन तुटतो. इस्त्री दाबून उचला, घासत नेऊ नका.

आणि पहिली कटोरी खणावर शिकू नका. त्यावरची नक्षी उरेबमध्ये तिरकी होते, दोन्ही बाजूंचा तिरकेपणा जुळला नाही तर लांबूनही दिसतो. कपाटातली जुनी सुती साडी काढा. विटकी असली तरी चालेल, विरलेली नको.