छोट्या हातांची नानकटाई

चार-पाच वर्षांच्या मुलांना स्वयंपाकात घ्यायचं तर नानकटाईने सुरुवात करा. सुरी नको, अंडं नको. अर्धी वाटी थिजलेलं साजूक तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर परातीत हाताने फेसायला द्या. मिश्रण पांढरट, हलकं झालं पाहिजे. (खाली जुनी चादर अंथरा, साखर उडणारच.) मग १ वाटी मैदा, पाव वाटी बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलचीपूड. गोळा कोरडा वाटला तर पाणी नको, चमचाभर तूप घाला. कच्चं पीठ मात्र चाखू देऊ नका.

लिंबाएवढे गोळे वेडेवाकडे चालतील, पण लहानमोठे नकोत. लहान आधी करपतात. मुलांच्या गरम हातांनी तूप सैल होतं आणि नानकटाई ओव्हनमध्ये पसरते, म्हणून वळलेले गोळे १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवाच. वर पिस्त्याचा काप दाबणं हे मुलांचंच काम.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर साधारण १८ ते २० मिनिटं. ट्रे मोठ्यांनीच हाताळायचा. काढल्यावर नानकटाई मऊ लागते, पण कच्ची समजून परत आत ढकलू नका. गार झाली की खुसखुशीत होते.