कोकणातल्या दमट लॅबमध्ये जीन सायलेन्सिंगचा वारसा कसा तपासायचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजात एमेस्सीला स्मॉल आरएनएवर, म्हणजे जीन बंद करणाऱ्या (जीन सायलेन्सिंग) छोट्या आरएनएवर आणि ते बंद पडणं पुढच्या पिढ्यांत उतरतं का यावर, प्रोजेक्ट करणार असाल तर पहिलं टेम्परेचरचं बघा. यासाठी वापरतात तो सी. एलिगन्स हा जेमतेम १ मिलिमीटरचा कृमी २० डिग्रीला खूश असतो, २५ च्या वर गेलं की त्याची पिल्लावळ घटायला लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीत ३० सहज असतं, वर लाईट जाते ती वेगळीच. त्यामुळे इन्व्हर्टरवर चालणारा कूलिंग इन्क्युबेटर मिळेपर्यंत सुरूच करू नका, नाहीतर पिल्लं जीन बंद झाल्यामुळे नाहीत की उकाड्याने, ते कळायचं नाही.

कृमीला डबल-स्ट्रँडेड (दोन धाग्यांचा) आरएनए दिला की जुळणारा जीन गप्प होतो हे फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं, २००६ चं नोबेल त्यालाच. त्यांनी इंजेक्शन दिलं होतं, आपण सरळ खायला घालायचं. एचटी११५ हा ई. कोलाय बॅक्टेरिया घ्या, त्यात हा आरएनए तोडणारं एन्झाइम नसतं. एल४४४० प्लाझमिडमध्ये (बॅक्टेरियात घालायचा गोल डीएनए) जीनचा तुकडा घाला, प्लेटमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी, म्हणजे बॅक्टेरियाला तो आरएनए बनवायला लावणारं रसायन. सोबत तुलनेला रिकाम्या एल४४४० ची एक प्लेट आणि अन्क-२२ (बंद झाला की कृमी थरथरतो असा स्नायूंचा जीन) ची एक, या दोन हव्यातच. अन्क-२२ वाले थरथरले तर खाणं लागू पडतंय, नसतील थरथरत तर आयपीटीजी जुना झालाय का ते आधी बघा.

कृमीच्या पेशीत डायसर हे एन्झाइम त्या आरएनएचे साधारण २२ अक्षरांचे तुकडे पाडतं, आर्गोनॉट प्रोटीन ते धरून जुळणारा मेसेंजर आरएनए (जीनचा निरोप नेणारी प्रत) शोधतं, मग कृमीचं स्वतःचं एन्झाइम त्यावरून आणखी भरपूर छोटे आरएनए बनवतं. बीजपेशींत एचआरडीई-१ हा आर्गोनॉट ते न्यूक्लियसमध्ये नेतो आणि तिथे हिस्टोन एच३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यातलं एक प्रोटीन) च्या ९ व्या लायसिनवर मिथाइलच्या खुणा चढतात. डीएनए आहे तसाच राहतो.

आता वारसा. बीजपेशींत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) चमकणारा स्ट्रेन घ्या, एकाच पिढीला जीएफपीविरुद्धचा आरएनए खायला घाला, मग ब्लीच करा, म्हणजे आई विरघळते, कवचामुळे अंडी वाचतात, ती नीट धुऊन ओपी५० या साध्या खाद्य-बॅक्टेरियावर टाका. हे ब्लीच टाळलंत तर जुने बॅक्टेरिया सोबत जातात, पोरं तेच खातात आणि तुम्ही त्याला वारसा म्हणून मोकळे! पहिली पिढीही धरू नका, ती आईच्या पोटात असतानाच आरएनए तिथे पोचलेला असतो, नातवंडांपासून मोजा. बहुतेक वेळा काही पिढ्यांत चमक परत येते. एचआरडीई-१ म्युटंटही (ज्यात हा जीन बिघडलेला असतो) शेजारी वाढवा, त्यात खाणाऱ्या पिढीत जीन बंद होतो पण पुढे उतरत नाही. (यावरून माणसांच्या आजोबा-पणजोबांबद्दल निष्कर्ष काढणारे फॉरवर्ड येतात, रिपोर्टमध्ये ते घुसडू नका.)

जून लागला की बुरशी येणारच, प्लेट वाळवून पॅराफिल्म लावा. आणि मोजताना प्लेटवर जीनचं नाव न लिहिता नुसते नंबर टाकून मोजायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणजे आपल्याला हवं तेच दिसायचं नाही.