इतिहासाचा तास गावात कसा घ्यावा?

माझी पहिली सहल सपशेल फसली. दोन बसगाड्या भरून नववीची मुलं आम्ही जुन्या गोव्याला नेली. बॉम जेझस बघितलं, से कॅथेड्रल बघितलं, पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातल्या व्हाइसरॉयांच्या तसबिरींसमोरून रांगेने गेलो, बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं आणि शाळा सुटायच्या वेळेला परत. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या, तर सगळ्या वह्यांत एकच निबंध, गाइडने सांगितलेला. प्रश्न म्हणून एकाही मुलाने आणला नव्हता.

तेव्हापासून मी मुलांना लांब नेणं जवळजवळ बंद केलं. जवळचंच बघायचं, पण निघण्याआधी प्रश्न ठरलेला हवा. खाली जे देतो आहे ते आठवी ते दहावीच्या वर्गांवर वापरून, चुकून, पुन्हा करून बसलेलं आहे. शिक्षकांसाठी लिहितो आहे, तरी सुट्टीत घरच्या मुलाला घेऊन पालकांनाही यातलं बरंच जमेल.

पहिली पायरी: चालत जाता येईल अशी एक वस्तू निवडा

एकच. वीरगळ असेल, चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेलं साल असेल, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) बांदावरची मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, असेल, बंद पडलेली जुनी प्राथमिक शाळा असेल. अट एवढीच की तिच्याबद्दल गावात निदान दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जात असाव्यात. सगळे एकच सांगत असतील तर मुलांना काम उरत नाही, ती फक्त उतरवून घेतात.

बघायला जाण्याआधी प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहायच्या: मला काय माहीत आहे आणि ते मला कोणी सांगितलं. दुसरी ओळ लिहिताना बहुतेक मुलं अडतात. अडू द्या.

दुसरी पायरी: दगडावरचं साल मुलांकडून सोडवून घ्या

डिचोली तालुक्यातलं नार्वे ज्यांना जवळ आहे ते नशीबवान. सप्तकोटेश्वराच्या देवळातला शिलालेख लहान आहे आणि त्यात एका तासाला पुरेल एवढा मजकूर आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ, एवढंच त्याचं म्हणणं.

फळ्यावर १५९० लिहा आणि थांबा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे कुणीतरी सांगतंच (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे तेव्हाच सांगून टाका, नाहीतर पुढच्या लेखाला गोंधळ होतो). उत्तर १६६८. आता मुलांना विचारा, कोरणाऱ्याने साल बरोबर कोरलं हे कशावरून? संवत्सराचं नाव इथे उपयोगी पडतं. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं आणि बाकी बघायची. १६०२ भागिले ६०, बाकी ४२. पंचांगातली साठ संवत्सरांची यादी उघडा, बेचाळिसावं नाव कीलक. वर्गात त्या क्षणी जो आवाज होतो तो गणिताच्या तासाला कधी ऐकला नाही.

खरा प्रश्न त्यापुढे आहे. गावात सगळे म्हणतात महाराजांनी ‘जीर्णोद्धार’ केला, आणि दगड म्हणतो ‘प्रारंभ’. मग आधी इथे काय होतं? देव मूळचा मांडवीतल्या दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचं दैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ अशी अक्षरं आहेत. पोर्तुगीज अमलात तिथलं देऊळ गेलं आणि देव नदी ओलांडून नार्व्याला आला. देव येणं आणि हे देऊळ उभं राहणं यांत किती काळ गेला असेल, तोवर देव कुठे असेल, हे मुलांना तर्काने मांडू द्या. तुम्ही उत्तर द्यायची घाई करू नका.

शिलालेख वाचताना त्यावर खडू, पीठ, तेल काहीही लावू देऊ नका. अक्षर उठत नसेल तर मोबाइलचा टॉर्च दगडाच्या बाजूने, जवळजवळ भिंतीला टेकवून धरा. तिरप्या उजेडात सावल्या पडतात आणि समोरून न दिसलेली वेलांटी दिसते. संध्याकाळचं ऊनही हेच काम करतं. देवस्थान समितीला आधी चिठ्ठी द्यायला विसरू नका. एकदा मी विसरलो होतो. चाळीस मुलांना घेऊन सभामंडपाबाहेर अर्धा तास उभा होतो.

तिसरी पायरी: नकाशावर ट्रेसिंग पेपर

हे वर्गातच होतं. गोव्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून मुलांनी फक्त मांडवी आणि जुवारी काढायच्या. मग पोर्तुगीज अमलात गाव सोडलेल्या देवांच्या जोड्या द्यायच्या, जुनं गाव आणि नवं. मंगेश, कुशस्थळीहून (आजची कुठ्ठाळी) प्रियोळला. म्हाळसा, वेर्ण्याहून म्हार्दोळला. शांतादुर्गा, केळशीहून कवळ्याला. रामनाथ, लोटलीहून बांदिवड्याला. देवकीकृष्ण, चोडणहून मयेमार्गे माशेलला. प्रत्येक जोडी बाणाने जोडायची.

पाच-सहा बाण झाले की चित्र बोलू लागतं: जवळजवळ सगळे बाण नदी ओलांडतात आणि बरेचसे फोंड्याकडे वळतात. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, साष्टी पोर्तुगीजांकडे होती. फोंडा महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्या हाती गेला नव्हता. ‘जुन्या काबिजादी’ (आधी जिंकलेला मुलूख) आणि ‘नव्या काबिजादी’ (नंतर जिंकलेला) हे पाठ करायचे शब्द मुलांना पहिल्यांदा जमिनीवर दिसतात.

इथे एक फसवा प्रश्न टाकाच. बांदिवड्याचा नागेश कुठून आला? मुलं हमखास साष्टीतलं एखादं गाव ठोकून देतात. नागेश कुठूनही आलेला नाही, तो तिथलाच. त्या देवळात १४१३ सालचा शिलालेख आहे, म्हणजे पोर्तुगीज यायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. नियम सापडला की तो सगळीकडे लावायचा ही सवय मोठ्यांनाही असते, तेव्हा मुलांना हसू नका.

चौथी पायरी: आजीला प्रश्न विचारा, पण भाषणाचा नाही

सगळ्यांत जास्त वेळ मी या पायरीला देतो, आणि ती लांबणीवर टाकण्यासारखी नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. १,३८,१७० मतं फुलाला, १,७२,१९१ दोन पानांना. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. त्या दिवशी मत घातलेला सगळ्यांत तरुण माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. पाच वर्षांनी हा धडा पुस्तकातूनच शिकवावा लागेल.

पहिल्या वर्षी मुलांनी ‘जनमत कौलाबद्दल सांगा’ असं विचारलं आणि सगळ्या आजोबांनी सभेत करतात तसं भाषण केलं. दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलले. मत कुणाला घातलंत हे विचारायचंच नाही. त्या दिवशी घरातून कोणाबरोबर निघालात? चालत की होडीतून? घरी मुलांना कोणाकडे ठेवलंत? भिंतीवर काय रंगवलं होतं? निकाल कसा कळला, रेडिओवर की कोणी येऊन सांगितलं? अशा प्रश्नांना माणसं आठवून आठवून उत्तर देतात, आणि मत कुणाला घातलं तेही बहुतेक वेळा न विचारता सांगून टाकतात.

एका मुलीच्या आजीने सांगितलेलं मी दर वर्षी वाचून दाखवतो. घरात फूलही होतं आणि दोन पानंही. तिचे सासरे फुलाचे, दीर पानांचा. आठवडाभर जेवताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, आणि वाढणाऱ्या बाईने कुणाला आधी वाढायचं यावरूनही धुसफूस व्हायची. शेवटी ती म्हणाली, ‘भाऊ मुख्यमंत्री आशिल्ले न्ही तेन्ना, ते आयिल्ले आमच्या वाड्यार.’ (भाऊ तेव्हा मुख्यमंत्री होते ना, ते आले होते आमच्या वाड्यावर.)

मुलीने ते जसंच्या तसं लिहिलं होतं, हे महत्त्वाचं. माणूस कोकणीत बोलला तर कोकणीत लिहा, पेडण्याकडच्या बोलीत बोलला तर तशी. प्रमाण मराठी करायला गेलात की निम्मी साक्ष पुसली जाते.

आता तपासणी. भाऊ म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. त्यांच्या मंत्रिमंडळाने कौलाआधी, डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. मतदान झालं तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. म्हणजे आजीचं चुकलं? वर्गातली अर्धी मुलं लगेच लाल पेन उचलतात. थांबवा त्यांना, आणि विचारा की चूक असली तरी अशीच का झाली. एका मुलाने दिलेलं उत्तर मला अजून पटतं: भाऊ कौलाआधी मुख्यमंत्री होते, निवडणुकीनंतर पुन्हा झाले, मधले चार महिने आजीच्या हिशेबात आलेच नाहीत. खुर्चीवर असोत नसोत, तिच्यासाठी मुख्यमंत्री तेच.

त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. जानेवारीत लोकांनी विलीनीकरण नाकारलं आणि मार्चमधल्या निवडणुकीत, विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा निवडून दिलं. असं कसं? माझ्या अनुभवात हा प्रश्न टाकला की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही. मला काय वाटतं ते मी महिनाभर सांगत नाही.

पाचवी पायरी: एकाच आठवड्याची दोन वर्तमानपत्रं

आपल्याकडे सोपा समज आहे की मराठी म्हणजे विलीनीकरणवादी आणि कोकणी म्हणजे विरोधक. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता आणि ‘राष्ट्रमत’ विरुद्ध, आणि दोन्ही दैनिकं मराठीच. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक बघायला मिळतील का, ते फोनवर विचारून मगच चार-पाच मुलांना न्या. अख्खा वर्ग नको. कागद जुना असतो, पानं उलटायला एकच जण ठेवा आणि फोटो काढायला परवानगी घ्या.

एका आठवड्याचे अंक घ्या आणि वहीत तीन रकाने आखा: बातमी काय, आपल्या बाजूच्या लोकांना कोणता शब्द वापरला, आणि दुसऱ्या पत्रात आहे पण इथे नाही असं काय. तिसरा रकाना भरायला सगळ्यांत वेळ लागतो.

पुराभिलेखागारात मात्र शाळकरी मुलांनी काम करावं असं मला वाटत नाही. दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये किंवा मोडीत. एकदा नेऊन चारशे वर्षांपूर्वीचा कागद दाखवावा, एवढं पुरे.

सहावी पायरी: वर्गात हिंदू-ख्रिस्ती दोन्हीकडची मुलं असतात, हे धरून चाला

धर्मांतर, इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मध्ये १७७४ ते १७७८ बंद), कुंकळ्ळीचं पोर्तुगीजांविरुद्धचं १५८३ चं बंड हे विषय निघणारच. टाळू नका. माझ्या तासाला एकच नियम आहे: ‘आम्ही’ आणि ‘ते’ हे शब्द बंद. कोणी, कुठे, कोणत्या साली, एवढंच बोलायचं. ‘त्यांनी आमची देवळं पाडली’ हे वाक्य या नियमात बसवायला गेलात की मुलाला आदेश कोणाचा होता, तो कोणत्या महालाला लागू होता, हे शोधावं लागतं. शेजारच्या बाकावरच्या फ्रान्सिस्कोचे पूर्वजही त्याच गावचे गावकार (गावच्या जमिनीचे मूळ हक्कदार) असतील, हे त्याच्या आपोआप लक्षात येतं. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला हिंदू लोक तेल घालतात, तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, हे बारदेशातल्या मुलांना तुम्ही सांगायची गरजच नसते. तीच सांगतात.

सातवी पायरी: गुण कशाला द्यायचे

प्रकल्पाचे २० गुण असतील तर मी ८ प्रश्नांना देतो, ६ ‘हे कशावरून’ लिहिलंय त्याला, ४ दोन साक्षींमधला फरक दाखवल्याबद्दल आणि २ नीटनेटकेपणाला. इंटरनेटवरून छापून आणलेली रंगीत फाइल या हिशेबात २ गुणांच्या पुढे जात नाही. पालक एकदा भांडायला येतात, वही दाखवली की बहुतेक शांत होतात.

‘परीक्षेत येणार का?’ हा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला हसून चालत नाही. वर्षभरात या कामाला मी आठ-नऊ तास देतो, बहुतेक शनिवारचे. बाकी पोर्शन नेहमीसारखाच शिकवतो, नोट्ससकट.

आठवी पायरी: वही परत द्या

मुलाखत स्वच्छ अक्षरात उतरवून तिची एक प्रत ज्याने सांगितलं त्याच्या घरी पोचवायची. मुलानेच जायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. निम्मी माणसं मध्येच अडवून दुरुस्ती सांगतात, तेव्हा पेन बरोबर असू द्या. दुसरी प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेच्या कपाटात ठेवायची, वर नाव, गाव आणि तारीख घालून. आमच्या कपाटाला वाळवी लागली तेव्हापासून तिसरी प्रत पत्र्याच्या ट्रंकेत असते.