जुन्या सायकलला नवा फोर्क घेताना

जुना फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, वाकला किंवा तडकला तरी नवा मिळेपर्यंत तो टाकू नका. सगळी मापं त्याच्यावरच मिळतात.

सर्वांत महत्त्वाची ती वरची नळी, म्हणजे स्टीअरर. व्हर्नियर लावून तिचा बाहेरचा व्यास पाहा. जुन्या फ्रेममध्ये बहुधा 25.4 मिमी, म्हणजे एक इंच असतो. नंतरच्या बऱ्याच सायकलींत 28.6. आटे असतील तर थ्रेड गेजने तपासा. इंचाला 24 आटे सर्रास दिसतात, पण जुन्या रॅले कंपनीच्या सायकलींवर 26 असतात आणि जुन्या फ्रेंच सायकलींचं माप मेट्रिक. तिथे वेगळ्या मापाचा नट एक-दोन फेरे फिरला म्हणजे बसला असं समजून जोर लावलात, तर आटे गेलेच!

आटे असलेल्या नळीची लांबी म्हणजे हेड ट्यूबची (फ्रेमच्या ज्या पुढच्या नळीतून स्टीअरर जातो तिची) उंची अधिक हेडसेटने, म्हणजे तिच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या संचाने, वर-खाली घेतलेली जागा. थोडी जास्त लांब नळी चालते, कापता येते. मात्र आटे फार खालपर्यंत असलेला फोर्क मी तरी घेणार नाही. हँडलचा दांडा, म्हणजे स्टेम, नळीत घट्ट धरणारी पाचर आट्यांच्या भागात आवळली गेली, तर नळी तिथेच तडकू शकते.

क्राउनवर, म्हणजे फोर्कचे दोन पाय जुळतात तिथे, हेडसेटची खालची रेस (बेअरिंगची कडी) बसते त्या जागेचा व्यासही मोजा. एक इंची नळीला 26.4 आणि 27.0 मिमी दोन्ही प्रचलित आहेत. 26.4 ची रेस 27.0 वर ठोकून बसवू नका.

शेवटी चाकाचा आकार, ब्रेकची पोहोच (त्याच्या बोल्टपासून रिमपर्यंतचं अंतर) आणि ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची उंची जुळवा. उंची वाढली की सायकलचं वळणं बदलतं.