थंड किनाऱ्यावरची शार्डोने: किती गार करावी?

दक्षिण आफ्रिकेत हर्मानसजवळच्या हेमेल-एन-आर्डे खोऱ्यात हॅमिल्टन रसेल कुटुंबाचे द्राक्षमळे आहेत. शार्डोने ही पांढरी वाईन तिथे बनते. अटलांटिकच्या गार वाऱ्यामुळे तिथली द्राक्षं सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकवून धरतात. तो जिभेला कळायला हवा, म्हणून ही वाईन १० ते १२ अंशांवर प्यावी.

फ्रिजमध्ये साधारण ४ अंश असतात. तिथून काढून लगेच ओतलीत तर वास दबतो, नुसता आंबटपणा उरतो. बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात दहा पुरेत. फ्रिज नसेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घाला. पाण्याविना नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे बाटली फार हळू गार होते. ग्लासात मात्र बर्फ कधीच नको.

ग्लास पोटाला रुंद घ्या आणि एक तृतीयांशच भरा. बुडाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षांतल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय. ती बाटली परत करा.

सोबत लोणी-लिंबातला पापलेट उत्तम. झणझणीत रस्सा नको, तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं.